माश्या आल्या की माणसं कशी पळतात

डॉक्टरांकडे दुखण्यांचे किस्से जमतात, वकिलांकडे भांडणांचे. माझ्याकडे पळणाऱ्या माणसांचे जमलेत. कुणी चप्पल सोडून पळालं, कुणी बायको सोडून. एक जण तर घाईघाईत स्वतःच्याच घराला बाहेरून कडी लावून अंगणात उभा राहिला आणि आतल्यांना ओरडून विचारत होता, “आता मी कुठी जाऊ?”

मी काही ठरवून या कामात आले नाही. राहायला मी चंद्रपुरात. कोरपन्याकडे भावाच्या शेतात मधमाश्यांच्या पेट्या ठेवते. एकदा शेजारच्या काकूंच्या गॅलरीत मोहोळ बसलं, त्यांनी हाक मारली, मी ते सुखरूप पेटीत घालून नेलं. झालं! तेव्हापासून चंद्रपूर-गडचिरोलीत कुठेही माशी दिसली की माझा फोन वाजतो. लोकांच्या मोबाईलमध्ये माझं नाव ‘सुषमा माशी’ असं सेव्ह आहे. मावशी नाही. माशी!

आमची टीम तिघांची. एक मी. दुसरे मडावी भाऊ, मूळचे एटापल्लीकडचे, साठीच्या पुढचे. लहानपणापासून जंगलात मध काढलेला माणूस, त्यामुळे सगळं माहीत आणि बोलणं कमी. तिसरा गजू, ज्याच्या छोट्या टेम्पोतून आम्ही फिरतो. गजूला मधमाश्यांची भयंकर भीती. मोहोळाचं गाव आलं की तो गाडीच्या काचा वर करून घेतो आणि काम संपेपर्यंत खाली उतरत नाही. मे महिन्यातसुद्धा! चंद्रपूरचा मे महिना काय असतो ते ज्याने पाहिलंय त्यालाच गजूची भीती कळेल.

*

सुरुवात ठेंगरे सरांपासून करते. सरांचा ट्यूशन क्लास. क्लासखाली कडुनिंबाच्या सावलीत त्यांची स्कूटी उभी असायची. एक दिवस दुपारी सर खाली येऊन पाहतात तर हँडलपासून हेडलाइटपर्यंत माश्यांचा हा मोठा घोस लटकलेला!

मी पोचले तेव्हा गर्दी जमली होती आणि गर्दीतला प्रत्येक जण तज्ज्ञ होता. एकाच्या हातात पेट्रोलची बाटली, एकाच्या हातात झाडू, एकाने दिवाळीतला सुतळी बॉम्ब शोधून आणलेला.

मी सगळ्यांना मागे सरकवलं. म्हटलं, “सर, या प्रवासी माश्या आहेत. नवीन घर शोधायला निघाल्यात, दमल्या म्हणून टेकल्यात. छेडलं नाही तर त्या काही करणार नाहीत. एक-दोन दिवसांत आपोआप उठून जातील. तोवर दोरी बांधा आणि कुणाला जवळ जाऊ देऊ नका.”

सर शिस्तीचे. त्यांनी दोरी बांधली, पुठ्ठ्यावर ‘सावधान’ लिहून लावलं आणि दोन दिवस ऑटोने ये-जा केली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन.

“बाई, माश्या गेल्या.”

“बघा! मी म्हटलं नव्हतं?”

“हो. पण त्यांच्या मागोमाग स्कूटीपण गेली.”

पोलिसांत जा म्हटलं. सर गेलेही. महिनाभराने पुन्हा फोन आला. आवाज अगदी नम्र.

“बाई, नवीन गाडी घेतली. त्या माश्या परत बोलावता येतात काय?”

*

एका शाळेने आम्हाला ‘मधमाश्या आणि आपली सुरक्षा’ या विषयावर बोलायला बोलावलं. मला घशाचा त्रास होता, आवाज पार बसलेला. म्हटलं, मडावी भाऊ, आज तुम्हीच बोला. भाऊ दोन दिवस विचारात. टेम्पोत बसल्या बसल्या ओठ हलत होते. गजू मला म्हणाला, “बाई, भाऊ तयारी करून राह्यले. आजचं भाषण दोन तासांच्या आत संपत नाई!”

पटांगणात सगळी शाळा बसलेली. हार झाला, नारळ झाला, माईक आला. भाऊ उभे राहिले. सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाले,

“मोहोळाले दगड मारू नका.”

मोठा पॉज घेतला. मुलं कान टवकारून.

“मारला, तर माझ्या मागे येऊन उभे राहू नका.”

आणि खाली बसले! मुख्याध्यापकांनी त्यावर पंचवीस मिनिटं आभार मानले.

परतताना मी विचारलं, “भाऊ, दोन दिवस तयारी केली ती एवढीच?”

“पाच वाक्यं होती,” भाऊ म्हणाले. “तीन काढली.”

*

तलावात उडी मारायची नाही, हे मी गावोगावी घसा फोडून सांगते. माश्या लागल्या की तोंडावर काहीही घ्या, टॉवेल, दुपट्टा, पोतं, आणि सरळ पळत जवळच्या घरात शिरून दार लावा. पण लोकांच्या डोक्यात ते पाणीच बसलंय.

नीलकंठ भाऊ मासेमारी करणारे. गावच्या तलावाच्या पाळीवर मोठं झाड, त्यावर आग्या मोहोळ. कुणाशी तरी पैज लागली आणि यांनी चांगला मुठीएवढा दगड भिरकावला. नेम लागला, हेच दुर्दैव! आग्या माशी म्हणजे अंगठ्याच्या पेऱ्याएवढी, आणि रागाला अजिबात औषध नाही.

वीस पावलांवर समाजमंदिराचं दार उघडं होतं. पण नीलकंठ भाऊंनी तलावात सूर मारला. पट्टीचे पोहणारे. पाण्याखाली राहिले. माश्या वरती घिरट्या घालत थांबल्या. श्वास घ्यायला नाक वर आलं की टोचलंच! पुन्हा बुडी, पुन्हा नाक. माशी पाण्यावर कितीही वेळ थांबते हो, माणसाला पाण्याखाली तेवढं थांबता येत नाही.

शेवटी लोकांनी त्यांना ओल्या ताडपत्रीत गुंडाळून काढलं आणि थेट दवाखान्यात नेलं. तिथे इंजेक्शनं दिली, काटे नखाने खरवडून काढले, जिवावरचं टळलं. पण चेहरा! डोळे कुठे, नाक कुठे, काही पत्ता नाही. नुसता भोपळा.

नर्सने कागद पुढे घेतला आणि त्यांच्या बायकोला विचारलं, “पेशंट तुमचे कोण?”

बाईंनी त्या चेहऱ्याकडे वाकून पाहिलं, मग बाजूला जाऊन पाहिलं.

“शर्टावरून तरी आमचेच वाटतात,” म्हणाल्या.

*

आता एक माझ्यावरचा. सांगितला नाही तर गजू सांगेल, आणि तो जास्त रंगवून सांगतो.

मार्च लागला की चंद्रपुरात लोक कुलर पुसायला काढतात. अशाच एका चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतला कुलर कुटुंबाने उघडला तर आत सातेरी माश्यांचा संसार! या लहान माश्या, तशा गरीब. मी जाळीचा ड्रेस घालून कामाला लागले. दोन पोळी काढली, छान चाललं होतं. आणि ड्रेसच्या घोट्यापाशी इलास्टिक ढिलं झालेलं, तिथून एक माशी आत शिरली.

मला ती पोटरीवर चालताना कळली. मग गुडघ्यावर. ड्रेस काढता येईना, कारण बाहेर बाकीच्या. मारता येईना, कारण मारली तर टोचणार. मी एक पाय झटकला. मग दुसरा. मग कंबर फिरवली. दोन्ही हात वर करून गोल गिरकी घेतली. खाली सगळी सोसायटी मोबाईल वर धरून उभी! व्हिडिओ जिल्हाभर फिरला.

पंधरा दिवसांनी एका खेड्यात गेलो. मी टेम्पोतून उतरले तर मारुतीच्या देवळासमोर सतरंजी अंथरलेली, सात-आठ माणसं बसलेली, हातात टाळ.

“हे काय?” मी विचारलं.

सरपंच अदबीने पुढे आले. “बाई, मोहोळ काढायच्या आंधी तो नाच करा लागते ना? आमी भजनी मंडळ बोलावून घेतलं. ढोलकीवाला येऊनच राह्यला!”

*

कोरपन्याजवळच्या एका गावी आमच्याच नात्यातलं लग्न होतं. मी पाहुणी म्हणून गेले होते, साडी नेसून, गजऱ्यासकट. मांडवाशेजारच्या कडुनिंबावर नजर गेली. आग्या मोहोळ! खाली डीजेचे स्पीकर, कपाटाएवढे.

मुलीच्या वडलांना बाजूला घेतलं. म्हटलं, “रत्नाकर भाऊ, स्पीकर वाजला की फांदी हादरते. फांदी हादरली की तुमचे चारशे पाहुणे चारशे दिशांना. फटाके नाही, धूर नाही, डीजे नाही.”

डीजेवाला पोरगा रडकुंडीला आला. “मॅडम, ॲडव्हान्स गाणी लोड करून आणली!” पण रत्नाकर भाऊंनी ठाम सांगितलं, वायर काढ.

मग काय ते लग्न! बायका कुजबुजत होत्या. आचारी पळी ठेवताना हळूच ठेवत होता. नवरदेवाचे मित्र मांडवाबाहेर नाचले, पण प्रत्येकाच्या कानात आपापला इयरफोन आणि प्रत्येकाचं गाणं वेगळं! लांबून पाहणाऱ्याला वाटावं, सगळ्यांना एकदम मुंग्या चावल्यात. बुद्धवंदना झाली, वधू-वरांनी संमती दिली, सगळ्यांनी टाळ्यांच्या ऐवजी हात वर करून हलवले.

एकही माशी उठली नाही. जेवताना नवरीचे ऐंशी वर्षांचे आजोबा माझ्या शेजारी बसले होते. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, नात जाणार म्हणून.

“पोरी,” म्हणाले, “आजवर लय लग्नं पाह्यली. त्रिशरण-पंचशील ऐकू आलं ते हे पहिलंच. पुढच्या नातीच्या लग्नातबी बोलाव बरं त्या माश्या!”

*

गजूचा एक सांगितलाच पाहिजे. आम्ही काढलेल्या माश्या पेट्यांत घालून, वर ताडपत्री बांधून टेम्पोने शेतावर नेतो. जंगलातल्या रस्त्याला एका तपासणी नाक्यावर कुणी नवीन साहेब आले होते. त्यांनी गाडी थांबवली.

“काय आहे मागे?”

“माश्या, साहेब,” गजू काच दोन बोटं खाली करून बोलला.

“मासे?”

“माश्या.”

“माझी मजाक करतो काय? खोल ताडपत्री!”

“साहेब, नका.”

साहेबांनी स्वतःच दोरी सोडली आणि काय सापडतंय म्हणून पेटीवर दोनदा टकटक केलं. आतून जो आवाज आला! साहेबांचं काही झालं नाही, पेट्या बंद होत्या. पण मी त्यांना तिथून ऑफिसच्या खोलीपर्यंत जाताना पाहिलं. मधल्या खुर्चीला त्यांनी वळसा घातला नाही, वरून गेले.

आता गजू कोबी घेऊन जात असो की विटा, नाक्यावर काच खाली करत नाही. लांबूनच आवाज येतो, “माश्या का?”

गजू नुसती मान हलवतो.

“जा, जा, जा!”

*

हसू येतं पण हसता आलं नाही, असा एक प्रसंग आहे. एका गावी बापूराव नावाचे गृहस्थ वारले. मोठे तापट. गावात त्यांच्याशी नीट दोन वाक्यं बोललेला माणूस शोधून सापडला नसता. अंत्ययात्रा नाल्याकाठी गेली. तिथे सावरीचं जुनं झाड, आणि त्यावर आग्याची एक नाही, सहा मोहोळं. पुढच्या माणसाच्या हातात पेटत्या गोवऱ्यांचं मडकं. त्याने ते नेमकं झाडाखाली टेकवलं. धूर सरळ वर!

आम्ही पोचलो तेव्हा सगळं गाव शाळेच्या दोन खोल्यांत दारं लावून बसलेलं. दहा-बारा जणांना टोचलेलं. दोन म्हाताऱ्यांना घाम सुटला होता, त्यांना आधी गजूच्या टेम्पोत घालून दवाखान्यात पाठवलं. आणि नाल्याकाठी तिरडीवर बापूराव एकटेच.

मडावी भाऊ म्हणाले, घाई करू नका, माश्या बसू द्या. दोन तास थांबलो. मग वारा पाहून, झाडापासून लांब, नाल्याच्या पलीकडे सरण रचायला सांगितलं.

बापूरावांची बायको शाळेच्या खिडकीशी बसली होती. मी जवळ गेले, हात धरला. म्हटलं, “काकू, वाईट वाटून घेऊ नका. माणसं घाबरली, म्हणून त्यांना सोडून पळाली.”

काकूंनी खिडकीतून नाल्याकडे पाहिलं.

“त्याचं काही नाई बाई,” शांतपणे म्हणाल्या. “जित्तेपणीबी त्यायच्याजवळ पाच मिनिटांच्या वर कोनी थांबलं नाई.”

*

एटापल्लीच्या अलीकडे एक गाव आहे. तिथे दशरथ आणि लहानू हे दोन सख्खे भाऊ. घर एकच, पण मधोमध मातीची भिंत. अलीकडे थोरला दशरथ, पलीकडे धाकटा लहानू. नऊ वर्षं बोलणं बंद. भांडण कशावरून झालं ते दोघांनाही धड सांगता येत नव्हतं. एक म्हणे बैल, दुसरा म्हणे आंब्याचं झाड. भिंत मात्र दोघांनी मिळून घातली होती. एक जण चिखल द्यायचा, दुसरा थापायचा. न बोलता!

त्या भिंतीच्या पोटात सातेरी माश्यांनी घर केलं. दशरथचा फोन आला, “बाई, त्याच्याकडच्या माश्या इथी येऊन राह्यल्या.” दहा मिनिटांनी लहानूचा, “बाई, माश्या त्यायच्याच होत. काढा आन त्यायच्याच बाजूनं सोडा.”

मी हसून सोडून दिलं असतं. पण संध्याकाळी दशरथच्या बायकोचा वेगळा फोन आला. मागच्या वर्षी शेतात त्याला एकच माशी कानामागे टोचली होती. जीभ सुजली, श्वास अडकला, कसाबसा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा टोचू देऊ नका, पुढच्या वेळी वेळ मिळेलच असं नाही. आणि हा माणूस रोज त्या भिंतीला डोकं टेकून झोपत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. मी दशरथला म्हटलं, “भाऊ, तुम्ही गावाच्या त्या टोकाला पाहुण्यांकडे जाऊन बसा. काम झालं की बोलावते.”

“मी काऊन जाऊ? मी गेलो तर तो भिंत सरकवून घेईन!”

पलीकडून भिंतीला ऐकू जाईल अशा आवाजात लहानू म्हणाला, “मले काय करायची आहे त्यायची जागा!”

दार-खिडकी घट्ट लागणारी खोली घरात एकच, लहानूने नवीन बांधलेली. दोन्हीकडच्या बायका-पोरं आणि लहानू तिथे जाऊन बसले. दशरथ म्हणाला, “त्याच्या दारात पाय ठेवणार नाई.” तासभर समजावलं. शेवटी तो गजूच्या टेम्पोत, काचा लावून, गजूच्या शेजारी बसायला तयार झाला. अट एकच, टेम्पो भिंत दिसेल असा उभा करायचा.

आम्ही भिंत उकरायला घेतली. माश्या आत खोलवर होत्या. दशरथच्या बाजूचा एक मोठं ढेकूळ निखळून खाली पडलं, आणि माश्या उठल्या. त्याच क्षणी टेम्पोचं दार उघडलं!

“बाई! माझ्याच बाजूनं काऊन फोडून राह्यले? त्याच्याकडून फोडा!” दशरथ उघड्या डोक्याने तरातरा भिंतीकडे येत होता.

“मागे जा!” मी ओरडले. मडावी भाऊ ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा गजू गाडीतून खाली उतरला, दोन पावलं गेला आणि तिथेच थिजला. दशरथ अर्ध्या अंगणात पोचला होता. माश्या त्याच्या डोक्याभोवती फिरायला लागल्या.

तेवढ्यात पक्क्या खोलीचं दार धाडकन उघडलं. लहानू घोंगडी घेऊन धावत बाहेर आला. “दादा! तोंड झाक, दादा!” त्याने घोंगडी दशरथच्या डोक्यावरून टाकली, कमरेला मिठी मारून त्याला उचललं आणि तसाच ओढत खोलीत घेऊन गेला. दार बंद.

मी खिडकीशी जाऊन विचारलं, “दशरथ भाऊ, टोचली काय?”

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, “यायले एकबी नाई. लहानूभावजीले तीन टोचल्या.”

“काटा चिमटीत धरू नका. नखानं खरवडून काढा.”

“काढून राह्यले,” ती म्हणाली. “हेच काढून राह्यले.”

मी आणि मडावी भाऊंनी काम पुरं केलं. पोळी कापून चौकटींना दोऱ्याने बांधली, राणी पेटीत गेली, मग बाकीच्याही एकेक करून मागे गेल्या. सगळं आटोपेपर्यंत उन्हं उतरली. भिंतीत बैल जाईल एवढं भगदाड पडलं होतं.

मी खोलीच्या दारावर थाप मारली. “या बाहेर! माश्या गेल्या!”

कुणी आलं नाही. आतून खूप जणांच्या एकदम बोलण्याचा आवाज येत होता. मी पुन्हा थाप मारली.

दार बोटभर उघडलं. फटीतून दशरथचा चेहरा दिसला. त्याने एकदा मागे वळून पाहिलं, तोंड माझ्या कानाजवळ आणलं आणि अगदी हळू म्हणाला,

“बाई, अजून आहेत म्हणा.”